स्टेपनी गाडी हवी आहे: सव्वा लाखात जुनी कोणती घ्यावी?

कोयनाकाठ (कराड):

घरात एक गाडी आहे. २०१९ची, डिझेल. ती रोज सकाळी सातला नवऱ्याबरोबर साताऱ्याच्या एमआयडीसीत जाते आणि रात्री आठला परत येते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, माझं स्कूटरवर भागतं. इतकी वर्षं दुसऱ्या गाडीचा विचारसुद्धा मनात आला नव्हता.

ऑगस्टमध्ये गाडी एका सेन्सरपायी वर्कशॉपात अडकली. "दोन दिवसांत देतो, ताई" म्हणत म्हणत अकरा दिवस झाले. त्यातल्या नवव्या दिवशी रात्री पावणेदहाला गावाकडून शेजारणीचा फोन: आई गोठ्यात घसरून पडली, मनगट टम्म सुजलंय. आई ७१ वर्षांची, ढेबेवाडीच्याही वर एका वाडीत एकटी राहते. कराडला ये म्हटलं की दोन म्हशी आडव्या येतात. बाहेर धो धो पाऊस. ओळखीच्या तिघा गाडीवाल्यांना फोन लावले, एक तयार झाला, तोही हातातलं भाडं सोडून मग निघाला. आई दवाखान्यात पोचली तेव्हा पावणेदोन वाजले होते. त्याने २,२०० घेतले, त्याबद्दल बोलणं नाही, त्या पावसात तो वर गेला हेच खूप. पण ते चार तास मी दारात उभी राहून गाडीच्या रिकाम्या जागेकडे बघत काढले.

तर आता स्टेपनी गाडी घ्यायची. (हा शब्द स्टाफरूममध्ये वापरला तर दोन सर एकमेकांकडे बघून हसले. हसू देत.) आठवड्यात एखाददुसऱ्या वेळी निघेल, बाकी उभीच. उभी राहणार ती उघड्यावर, जांभळाच्या झाडाखाली. चालवणार मी. रस्ता म्हणजे मलकापूरच्या ढेबेवाडी फाट्यावरून विंग, तळमावले आणि पुढे शेवटचे चार किलोमीटर चढ, त्यातला एक दगडगोट्यांचा. कागदांसकट सव्वा लाख, त्यापुढे एक रुपया नाही, कारण पोरगा बारावीला आहे.

समोर तीन गाड्या आहेत:

मारुती ८००, २००९ची, एसीवाली. शेजारच्या काकांची. बँकेतून रिटायर झाले त्याच वर्षी घेतलेली, तेव्हापासून त्यांच्याच हातात. ५८ हजार किलोमीटर. ६५ हजार म्हणतात. पंधरा वर्षं झाल्यावर त्यांनी पुन्हा पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) करून घेतलंय, २०२९पर्यंत.

अल्टो के-१०, २०१२ची, एका डीलरकडे. १ लाख ४० हजार म्हणतोय, खाली येईल असं वाटतं. चकचकीत आहे. सीट कव्हर नवी, वास पण नवा.

सँट्रो झिंग, २००८ची, शाळेतल्या एका मॅडमच्या भावाची. ९० हजार. बसायला तिन्हींत ही सगळ्यात चांगली, आईला चढ-उतार सोपी.

मला गाडी चालवता येते, गाडीतलं काही कळत नाही. नवऱ्याचं मत विचारलं तर "तुला आवडेल ती घे" म्हणाला, म्हणजे त्यालाही कळत नाही.

दहा_अकराचा_पाना (मिरज):

ताई, मॉडेल नंतर. आधी कागद बघा.

के-१० २०१२ची म्हणजे २०२७ला तिची पंधरा वर्षं भरतात. तेव्हा आरटीओत गाडी नेऊन दाखवायची, नूतनीकरणाची फी ५,०००, वर पर्यावरण कर, आणि गाडी पास होण्यासाठी दिवे, ब्रेक, पत्रा जे काही करावं लागेल ते. डीलर हे सांगणार नाही. सँट्रोचं पासिंग २०२३लाच व्हायला हवं होतं. झालंय का ते आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) बघा, तोंडी ऐकू नका. काकांच्या गाडीचं झालंय म्हणता, तर चार वर्षं निवांत. २०२९ला मात्र ती वीस वर्षांची होईल आणि वीस वर्षांवरच्या गाडीची फी आता दुप्पट केली आहे, १०,०००. ६५ हजारांच्या गाडीला तेव्हा एवढे घालायचे का, हा हिशोब आताच मनाशी करून ठेवा.

इन्शुरन्समध्येही फरक आहे. हजार सीसीपर्यंत थर्ड पार्टीचे (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता सक्तीचा विमा) वर्षाला २,०९४ अधिक जीएसटी. ८०० आणि के-१० (९९८ सीसी) दोन्ही त्यात बसतात. सँट्रो १,०८६ सीसी, तिला ३,४१६. एवढ्या छोट्या गाड्यांत ८६ सीसीपायी दरवर्षी तेराशे जास्त.

आता इंजिन. के-१०ला टायमिंग चेन आहे (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारी साखळी), तिच्याकडे सहसा बघावं लागत नाही. सँट्रोला त्याच कामाला रबरी बेल्ट आहे. बेल्ट चालू गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं आणि गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा माझ्यासारख्या मेकॅनिकच्या खिशात जातो. म्हणून मॅडमच्या भावाला विचारा, बेल्ट कधी बदलला, बिल कुठंय. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. बिल नसेल तर घेतल्या दिवशी बेल्ट बदलायचा असं धरून किंमत पाडा.

बघायला जाल तेव्हा सकाळी जा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा, गाडी चालू करू नका, मी येऊन सेल मारणार. गार इंजिन खोटं बोलत नाही. चालू झाल्यावर मागं उभं राहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून तळहात धरा, भकाभका वाफ मारत असेल तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आतून झिजलंय, ती गाडी सोडा. स्टेअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा, कट-कट आवाज आला तर पुढच्या चाकाचा एक्सेल गेलाय. आणि तुमच्या नेहमीच्या मेकॅनिकला २००-३०० देऊन बरोबर न्या. पुढं तोच काम करणार आहे, त्याला कुठल्या गाडीचा हात आहे तेही महत्त्वाचं.

ठाणेकर_७२:

मला यातलं काहीच पटत नाही. वर्षातून तीन-चार वेळा लागणाऱ्या गोष्टीसाठी ६५ हजार ते सव्वा लाख, वर इन्शुरन्स, पीयूसी, बॅटरी, टायर. एवढ्या पैशात दरवेळी २,२०० दिले तरी पंधरा वर्षं भाड्याची गाडी येईल. आम्ही दोन वर्षांपूर्वी गाडी विकली. ॲपवर बोलावतो, सुखी आहोत.

कोयनाकाठ:

दादा, हिशोब बरोबर आहे. फक्त आमच्या वाडीत ॲप उघडायला आधी मोबाइल घेऊन देवळामागच्या खडकावर जावं लागतं. तिथे रेंज आली तरी येणार कोण?

वाशिष्ठी (चिपळूण):

के-१० "चकचकीत, सीट कव्हर नवी, वास पण नवा" हे वाचून पोटात गोळा आला, म्हणून लिहितेय.

२२ जुलै २०२१ला आमच्या गल्लीत घरातल्या ट्यूबलाइटपर्यंत पाणी होतं. गाड्या दोन दिवस बुडून होत्या. त्यांतल्या कितीतरी नंतर कुठे कुठे गेल्या, धुऊन-पुसून विकल्या गेल्या. गंमत म्हणजे स्वतःची गाडी पुरात घालवून, दुसऱ्या वर्षी आम्ही घाटावरून जी जुनी गाडी आणली, तीसुद्धा पुरातलीच निघाली. २०१९च्या पुरातली. ज्याच्याकडून घेतली तो म्हणे "मला काय ठाऊक". सहा महिन्यांत एकेक लाइट मरायला लागली. वायरिंगवाल्याने डॅशबोर्ड खोलला तर आत वाळलेल्या गाळाचा थर, चिपळूणच्या गाळासारखा तांबूस नाही, काळा.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. अगदी शेवटपर्यंत, पुढे ओढवेना असा होईपर्यंत. रोजच्या वापरात येतो तेवढाच पट्टा लोक धुतात, शेवटचा हातभर भाग रिळात गुंडाळलेला राहतो. त्याच्यावर गाळाची रेघ दिसेल. सीट पुढे सरकवून खालच्या पट्ट्यांवर गंज बघा. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्याखालचा खड्डा बघा. सांगली, कोल्हापूर, कराड, चिपळूण, कुठलाही पासिंग नंबर असो, हे करायचंच.

आणि गाडी कोकणातली असेल तर पायाखालचं मॅट उचलायला विसरू नका. आमच्याकडची खारी हवा पत्रा आतून खाते, वरून रंग शाबूत.

जुनी_झेन (नाशिक):

माझ्याकडे २००१ची झेन आहे, अशीच उभी असते, त्यामुळे घेतल्यानंतरचं सांगतो. स्टेपनी गाडी चालवून मरत नाही, उभी राहून मरते.

पहिली जाते बॅटरी. दहा दिवस हलणार नसेल तर दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा, पाना डॅशबोर्डच्या खणात. मग टायर. नक्षी भरपूर दिसते म्हणून फसू नका, बाजूला चार आकडी नंबर असतो. १८१७ म्हणजे २०१७चा अठरावा आठवडा. सहा-सात वर्षांवरचा टायर उभ्या गाडीचा असला तरी रबर कडक झालेलं असतं. ओल्या उतारावर तेच नडतं.

पेट्रोल. आता पंपावर साधं म्हणून मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. २००९च्या गाडीचे रबरी पाइप काही हे डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले नाहीत. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी घेतल्यावर इंजिनजवळचे पेट्रोलचे पाइप आणि फिल्टर एकदा बदलून घ्या, खर्च फार नाही. आणि टाकीत पेट्रोल तीन-तीन महिने शिळं ठेवू नका.

उंदीर. जांभळाखाली म्हणालात, मग येणारच. बाजारातल्या फवाऱ्यांवर मी पुष्कळ पैसे घालवले. शेवटी एका ट्रकवाल्याने सांगितलं तसं तंबाखूची पानं फडक्यात बांधून बॅटरीशेजारी ठेवली. दोन पावसाळे वायर शाबूत आहे. तुम्हाला तर निपाणी जवळ!

एक गोष्ट कुणी बोललं नाही. या बजेटातल्या गाड्यांना एअरबॅग, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सोय) सहसा नसतंच. ८००चा पत्रा तर फारच हलका, आख्खी गाडी साडेसहाशे-पावणेसातशे किलोची. हायवेवर कंटेनरच्या शेजारून जाताना ते जाणवतं. ती गाडी गावच्या रस्त्यापुरतीच ठेवा आणि मागचे बेल्ट सीटखाली दडपलेले असतील तर उपसून आईंना लावा.

पुरणपोळी_दिल्ली:

इथे दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर जी बंदी आली तिच्यामुळे वय भरत आलेल्या गाड्या कवडीमोल मिळायच्या. माझ्या मावसभावाने एक पुण्याला नेली. एनओसी (आरटीओचं ना-हरकत पत्र), ट्रकवरून पाठवणी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा, नवा नंबर. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. कुणी सुचवलं तर नको म्हणा.

कोयनाकाठ:

गेल्या दोन रविवारांत तिन्ही बघून झाल्या. आमचा मेकॅनिक बरोबर होता. पाना दादांनी लिहिलेलं सगळं त्याला वाचून दाखवलं, तर म्हणाला, "हे कुणी तरी आपल्यातलंच आहे."

आधी सँट्रो. पासिंग झालंय, पण बेल्टचं बिल नाही. मॅडमचा भाऊ म्हणाला, "बदललाय की, बहुतेक लॉकडाउनच्या आधी." मेकॅनिकने माझ्याकडे बघितलं, मी पुढचं विचारलंच नाही. तरी गाडी वाईट नव्हती. आई बरोबर होती, ती मागच्या सीटवर जाऊन बसली आणि उतरेचना. मनगटाचं प्लास्टर निघालंय, आता गाडीच्या खरेदीत भारी उत्साह आहे.

के-१०. डीलरला शनिवारी दोनदा सांगितलं होतं, सकाळी आठला येते, गाडी चालू करू नका. आठला पाच कमी असताना पोचले. बोनेटवर हात ठेवला तर भाकरी काढून घेतलेल्या तव्यासारखं गरम. "जरा पुढं-मागं लावली होती, मॅडम." पुढं-मागं लावून एवढी तापते? मग वाशिष्ठीताईंचं आठवलं. ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा ओढला, स्वच्छ. शेजारचा ओढला, स्वच्छ. मागचा ओढायला गेले तर अर्ध्यावर अडकला. जोर लावल्यावर कुरकुरत आला आणि शेवटच्या वीतभर भागावर कडक, राखाडी पापुद्रा. मी नखाने खरवडला, भुकटी सीटवर पडली. डीलर म्हणाला, "लहान मुलं बिस्किटं खातात, त्याचं असेल." एवढ्या वर्षांत मी वर्गात गृहपाठ न केल्याची बरीच कारणं ऐकली, हे त्यांच्या तोडीचं होतं. निघालो.

आता ८००. काकांनी गाडी गारच ठेवली होती, इतकी गार की पत्र्यावर दव होतं. मी सेल मारला. पहिल्यांदा नुसती कुथली, दुसऱ्यांदा लागली. धूर नाही. मेकॅनिकने ऑइलचं झाकण उघडून माझाच हात वर धरायला लावला, अगदी मंद, फुंकर घातल्यासारखी हवा. मॅट उचललं तर पत्रा ठीक, फक्त ड्रायव्हरच्या टाचेखाली रुपयाएवढा गंज. स्टेअरिंग जड, पॉवर नाही, पण मी पहिली गाडी शिकले ती अशीच होती. टायर चारही २०१६चे, नक्षी नव्यासारखी आणि रबर कौलासारखं. म्हणजे टायरांचा खर्च धरायचा. काकांनी दोन फाइली काढल्या. पहिलीत २००९पासूनची सर्व्हिसिंगची बिलं तारखेप्रमाणे लावलेली. दुसरीत २०२४च्या नूतनीकरणाची ५,०००ची पावती, पर्यावरण कराची ३,०००ची, नव्या नंबर प्लेटची, आणि एका वहीत प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, लिटर आणि किलोमीटरसकट. बँकेतला माणूस.

टायर दाखवून ६५चे ५७ केले. काका घासाघीस न करता हो म्हणाले, याचंच मला वाईट वाटलं. मग गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या करताना त्यांचा हात थांबला. म्हणाले, एक अट आहे. मला वाटलं, झालं, आता फिरणार.

अट अशी, की दर शनिवारी सकाळी तासभर गाडी त्यांना द्यायची. ते प्रीतिसंगमापर्यंत जाऊन येतील, पेट्रोल त्यांचं. मी जुनी_झेन यांचा "उभी राहून मरते" हा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. खूश झाले, म्हणाले त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांग.

दहा_अकराचा_पाना:

चांगलं केलंत. दोन गोष्टी. ट्रान्सफरचे कागद १४ दिवसांच्या आत आरटीओत द्या, इन्शुरन्सही त्याच मुदतीत स्वतःच्या नावावर करून घ्या. अपघात झाला आणि पॉलिसी काकांच्या नावावर असली तर दोघांनाही हेलपाटे. काका चालवणार असतील तर त्यांच्या लायसन्सची तारीख बघून ठेवा, या वयात नूतनीकरण लवकर-लवकर येतं. आणि तुमची गाडी २००९ची, तिची पीयूसी वर्षाची नाही, सहा महिन्यांची. डीलरकडची के-१० कुणाच्या तरी गळ्यात पडणार, त्याचं वाईट वाटतं.

ठाणेकर_७२:

शनिवारी काका फिरवणार, मग गाडी नक्की कुणाची झाली?

कोयनाकाठ:

कागद माझ्या नावाने गेलेत. बाकीचं विचारू नका. काल पहिला शनिवार होता. साडेसहाला बेल वाजली, काका स्वेटर घालून दारात, हातात स्वतःचं पिवळं फडकं. आधी दहा मिनिटं काच पुसली, मग पान्याने टर्मिनल जोडलं (तंबाखूच्या पुरचुंडीचा वास घेऊन "ही कुठली?" म्हणाले), मग गेले. पाऊण तासाने आले, किल्ली दिली आणि सांगितलं, "तिसऱ्यावरून दुसऱ्यावर टाकताना घाई करू नकोस, ती खरखरते." वहीतसुद्धा नोंद केली आहे. माझ्या पानावर, त्यांच्या अक्षरात: ११ किमी.